आणीबाणी संपली, कोरोना नाही

‘जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोना संपल्याचं २०२३ मध्येच जाहीर केलंय, आता मास्क लावणारे उगाच भीती पसरवतात,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ५ मे २०२३ रोजी संपली ती ३० जानेवारी २०२० ला जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी. विषाणू अजूनही जीव घेतोय, बदलतोय, हे संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी त्याच दिवशी बजावलं होतं. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच गाळलंय.

महाराष्ट्रात २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. ऐच्छिक म्हणजे निरुपयोगी नव्हे.

लसीमुळे, होऊन गेलेल्या संसर्गामुळे आज २०२१ सारखी परिस्थिती नाही, हे खरंच. पण माझ्या मावशीची केमो चालू आहे. परवा लोकलमध्ये तिच्या एन-९५ कडे बोट दाखवून एकीनं हाच मेसेज मोठ्यानं वाचला. मावशीनं नाकावरची पट्टी दाबून घट्ट केली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. केमोत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात; आपल्याला दोन दिवसांत बरा होणारा ताप तिला थेट दवाखान्यात नेऊ शकतो.

हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.