"बोलून दाखव बघू!"

दर दिवाळीला म्युनिकहून कोथरूडला येतो आणि दर वेळी तेच. चपला काढून होत नाहीत तोवर कुणीतरी लेकीला समोर उभं करतं. "काय गं, मराठी येतं का? बोलून दाखव बघू!"

पाच वर्षांची पोर. प्रवासाने डोळे मिटतायत. ती विचारते, "माझा खुर्ची कुठे आहे?" आणि अख्खी खोली फिदीफिदी हसते. वर मला ऐकवतात, "घरी मराठी बोलत नाही वाटतं!"

अहो, बोलतो! दात घासण्यापासून रात्रीच्या गोष्टीपर्यंत मराठीच बोलतो. पण दिवसाचे सात तास ती बालवाडीत जर्मन ऐकते. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, आणि तिथे खुर्ची पुल्लिंगी आहे. एवढ्याशा डोक्यात दोन भाषांची गल्लत झाली तर बिघडलं काय? जर्मनमध्ये 'ळ' नाहीच, तरी ती 'केळं' स्वच्छ म्हणते. ते बरं ऐकू येत नाही कुणाला!

आणि इथली नातवंडं "मम्मा, वॉटर दे" म्हणाली की कौतुक.

परवा आत्या हसल्या तेव्हापासून लेक माझ्या कानात जर्मनमध्ये कुजबुजते. आजीलाही नुसती मान हलवून उत्तर देते. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, तरी हीच आजी रात्री साडेदहापर्यंत जागून व्हिडिओ कॉलवर तिला एकेक शब्द शिकवते हो! चुकू दे ना तिला. "ही बघ तुझी खुर्ची" म्हणा आणि बसू द्या.