माझा बाऊल, माझी जबाबदारी

बाहेर जेवायला जाण्यातलं खरं सुख म्हणजे डोकं घरी ठेवून जाता येतं. काय शिजवायचं, कशात काय घालायचं याची काळजी मुदपाकखान्याने करावी आणि आपण फक्त नावं ठेवावीत, ही वर्षानुवर्षांची वाटणी. ती मोडली नव्या एशियन साखळी-उपाहारगृहांनी. मुलीला ती सगळी 'ट्राय' करायची असतात आणि बिल भरायला बाप लागतो, म्हणून मीही जातो.

काउंटरच्या काचेपलीकडे हातात चिमटा घेऊन एक मुलगा उभा असतो.

"बेस?"

मी मुलीकडे बघतो.

"नूडल्स की राइस विचारतोय, बाबा."

"नूडल्स."

"एग, उडोन, सोबा की ग्लास?"

उत्तर दिलं की बक्षीस म्हणून पुढचा प्रश्न. प्रोटीन? भाज्या कुठल्या पाच? सॉस? टॉपिंग? दोन टॉपिंग फुकट, तिसऱ्याला पैसे. आणि मला आवडणारं नेमकं तिसरं. मागे रांग वाढत असते. "पटपट सांग ना, बाबा," असं मुलगी दातांतल्या दातांत म्हणते. तोंडी परीक्षेत निदान समोरच्याला बरोबर उत्तर माहीत असतं. इथे कुठल्याही उत्तरावर तो "ग्रेट चॉइस" म्हणतो.

मग तिखटाची पायरी येते. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या. चार अनोळखी माणसं ऐकत असताना "एक" म्हणायला जीभ रेटत नाही. तीन सांगून बसतो आणि नंतर घटाघटा पाणी पितो. पाण्याचा उपयोग शून्य, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्याला दूध-लोण्यासारखं काहीतरी स्निग्ध लागतं. आणि अख्ख्या मेन्यूत दुधाचा थेंब असतो तो फक्त बबल टीमध्ये. म्हणजे आग एका खिडकीवर, बंब दुसऱ्या खिडकीवर, बिल दोन्हींचं. ही मांडणी ज्याला सुचली, त्याच्यापुढे आपण हात जोडले.

एवढ्यात हातात एक चकती दिलेली असते, ऑर्डर तयार झाली की थरथरणारी. ती थरथरेपर्यंत मी मोबाईलवर वाचत बसतो. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे पांडा एक्सप्रेस. ते 1983 साली कॅलिफोर्नियातल्या एका मॉलमध्ये सुरू झालं. त्यांचं गाजलेलं ऑरेंज चिकन 1987चं, तेही अमेरिकेतच जन्मलेलं. ज्या घडीच्या कागदी डब्यावर पॅगोडा छापून नूडल्स देतात, त्या डब्याचं पेटंट 1894 साली शिकागोत घेतलं गेलं, आणि त्याचं मूळ काम कालवं वाहून नेण्याचं. श्रीराचा या मिरचीच्या सॉसला नाव थायलंडमधल्या गावाचं. पण कोंबडा छापलेली ती प्रसिद्ध बाटली 1980 साली लॉस एंजेलिसमध्ये काढली व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रॅन यांनी. तो कोंबडाही आला त्यांच्या चिनी राशीतून.

हे वाचून माझी फार पंचाईत झाली. "मूळची चव काही अशी नसते," हे जाणकाराचं ठेवणीतलं वाक्य मी म्हणणार होतो. आता मूळ म्हणून बोट कुठे दाखवायचं? फूड कोर्टकडे? आणि आशियाच्या नावावर आक्षेप घ्यायचा, तर मीही जन्माने आशियाईच. मात्र मेन्यूतल्या आशियात माझा समावेश दिसत नाही. तिथला खंड थायलंडपाशी सुरू होऊन जपानला संपतो.

चकती थरथरते. बाऊल येतो. कोरियन किमची, त्याखाली जपानी उडोन, वरून थाई बेसिल आणि सगळ्यांना सारखं बुडवणारा गोडसर सॉस. मी चॉपस्टिक्स तोडतो. एक पूर्ण निघते, दुसरी अर्धी. उडोन तर असा गुळगुळीत की पकडला म्हणेपर्यंत परत डुबकी मारतो. शेवटी काटा मागून आणतो, तोही सगळ्यांसमोर.

चव? प्रत्येक देश आपापल्या जागी सज्जन असावा. एकत्र बसल्यावर कोणी कोणाचं ऐकत नव्हता. पूर्वी अशा वेळी वेटरला बोलावून "हे काय केलंय?" असं विचारता यायचं. मी काउंटरवर जाऊन बघितलं.

"जरा जास्तच गोड आहे हो."

"सर, होइझिन आणि स्वीट चिली, दोन्ही गोड सॉस तुम्हीच एकत्र सांगितलेत," तो अदबीने म्हणाला आणि पावती पुढे केली. त्यावर माझा सगळा कबुलीजबाब ओळीने छापलेला होता. खाली माझं नावही.

या धंद्याची खरी कृती ही. भाज्या चिरलेल्या, सॉस आधीच भरलेले, नूडल्स उकडलेल्या. ग्राहकाकडून फक्त दोष भरून घ्यायचा. मुलीचा बाऊल उत्तम जमला होता. तिने मला दोन घास दिले, पण "तुला कॉम्बिनेशन जमत नाही, बाबा," या वाक्यासकट.

बाहेर पडतो तोच मोबाईलवर निरोप आला: आजच्या बाऊलला किती तारे द्याल? मी पाच दिले. स्वतःच्या हातच्याला कोण कमी म्हणतं?