इतकं दुखतंय, पण ती मूळव्याधच कशावरून?

शौचाच्या जागी काहीही झालं की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. रक्त पडलं, मूळव्याध. आग होतेय, मूळव्याध. हाताला गाठ लागली, मूळव्याध. मग मलमाची ट्यूब, कोणीतरी सांगितलेला रामबाण उपाय, आणि तोंडावर बोट. माझं स्पष्ट मत आहे, या दुखण्यात लाजच जास्त नडते.

मुळात आतली मूळव्याध सहसा दुखतच नाही. तिथल्या आवरणाला वेदना फारशी कळत नाही, म्हणून लालभडक रक्त पडतं पण दुखत नाही. कोंब बाहेर येऊन अडकला तर गोष्ट वेगळी, मग तो चांगलाच छळतो. म्हणजे खूप दुखत असेल तर दुखण्याची तऱ्हा बघायला हवी.

गुदद्वाराच्या कडेला एकाएकी निळसर, टणक गाठ आली आणि खुर्चीत एका अंगावर कलून बसावं लागतंय, तर बहुधा बाहेरच्या कोंबात रक्त साकळलंय. पहिले दोन-तीन दिवस ठणका जबर असतो. साधारण ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवलं तर जागेवरच भूल देऊन ती गाठ काढता येते. त्यानंतर दुखणं बहुतेक वेळा आपसूक उतरणीला लागतं आणि कापण्यात फारसा फायदा उरत नाही. म्हणून ‘बघू पुढच्या आठवड्यात’ करू नका. आणि घरी सुईने गाठ फोडायचा उद्योग तर अजिबात नको. (करणारे आहेत!)

शौचाला बसल्यावर काच फिरवल्यासारखं कापतं आणि नंतर तासन् तास आग होत राहते, ते बहुतेक फिशर, म्हणजे चीर. त्याची औषधं वेगळी. तिसऱ्या प्रकारात मात्र थांबायचं नाही: शौचाशी संबंध नसलेला सततचा ठणका, सूज, ताप. तिथे पू झालेला असू शकतो, आणि तो चीर देऊन काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरी करण्यासारखं थोडंच आहे, पण ते खरंच उपयोगी पडतं. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसणं, भरपूर पाणी, चोथायुक्त आहार, कुंथणं बंद. मोबाइल संडासाबाहेर ठेवा, यावर मी वाद घालणार नाही. दुखण्यावर कोडीन असलेली गोळी घेतली तर बद्धकोष्ठ वाढतं, म्हणजे आगीत तेल. स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांना न विचारता आठवड्यापेक्षा जास्त लावू नका.

मला खरी भीती वाटते ती ‘रक्त पडतंय, पण मला मूळव्याध आहेच’ या वाक्याची. मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्याचा कॅन्सर होत नाही, असं कुठे आहे? शौचाची सवय काही आठवडे बदललेली, वजन घटतंय, हिमोग्लोबिन उतरलंय, वय ४५ च्या पुढे किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, यातलं एकही असेल तर दुर्बिणीतून तपासणी करायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

तपासणीचा बाऊ असतो म्हणून सांगते. डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, बाहेरून बघतात, मग हातमोजा आणि जेली लावून बोटाने तपासतात. काही मिनिटांचं काम. फारच दुखत असेल तर तसं सांगा, नुसतं बघूनही बरंच कळतं.

रक्त थांबत नाही, चक्कर येतेय, शौच डांबरासारखं काळं होतंय, दुखण्यासोबत ताप आहे किंवा लघवीच होत नाही, तर रात्र असली तरी हॉस्पिटल. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दारातच सांगा.