बोल्ट-ऑन म्हणे!

ज्या कुणी 'बोल्ट-ऑन. नो कटिंग, नो ड्रिलिंग. फक्त ३० मिनिटं' हे शब्द पहिल्यांदा बाइकच्या किटच्या खोक्यावर छापले, त्याला मला एकदा मे महिन्यातल्या दुपारी आमच्या सिडकोतल्या पार्किंगमध्ये उकिडवं बसवायचं आहे. हातात त्याच्याच खोक्यातली ती बोल्ट फिरवायची एलन की द्यायची, समोर गाडी उभी करायची आणि म्हणायचं, लाव बाबा. मी वर जाऊन चहा पितो, अर्ध्या तासाने येतो.

माझे तीन रविवार गेले. वीतभर पत्र्यासाठी तीन रविवार!

माझ्याकडे यामाहाची २०१८ ची आर१५ आहे, व्ही३. एमएच १५ ची आर१५ हा विनोद नाशकातल्या प्रत्येकाने मला एकेकदा ऐकवून झालाय, तेव्हा तो नको. गाडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. १५५ सीसीची गाडी, पण कसारा घाटात अजून मन लावून चढते. फक्त तिचा मागचा मडगार्ड. पुढून पाहिलं तर रेसची गाडी, मागून पाहिलं तर शर्ट खोचायला विसरलेला मुलगा. नंबर प्लेट, इंडिकेटर, सगळं त्या लोंबत्या प्लास्टिकवर. ते काढून सीटखाली आखूड ब्रॅकेट बसवायचं, त्याला टेल टायडी म्हणतात. १,८५० रुपयांचा किट. सोबत 'कॉम्बो'मध्ये ब्रेक-क्लचच्या दोन ॲडजस्टेबल लिव्हर आणि एलईडी इंडिकेटरची जोडी. मी मागवला. हौस! दुसरं काय.

पहिला रविवार जुनं काढण्यातच गेला. मडगार्डचे तीन बोल्ट निमूट निघाले. चौथ्याने सहा-सात पावसाळे पोटात घेतलेले, तो कशाला हलतोय. मी खोक्यातली एलन की लावली आणि जोर दिला. फिरली! मला वाटलं बोल्ट फिरला. बोल्ट जागच्या जागी, एलन कीचेच कोपरे गोल झाले. लोखंड आहे का पेढा? आणि गोल होताना तिने बोल्टच्या डोक्याचं षटकोनही खाऊन टाकलं. मग गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, तासभर थांबा, हातोडीने टकटक करा, पक्कड लावा, पक्कड निसटून बोटं चेसिसवर सोलून घ्या. शेवटी अंबडच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून छोटी छन्नी आणली आणि डोक्याला खाच पाडून ठोकत ठोकत तो बोल्ट काढला. मध्ये पार्किंगमधून जाणारे काका थांबले. "कंपनीवाल्यांना अक्कल नव्हती का रे, तो मडगार्ड लावला तेव्हा?" मी काही बोललो नाही. तोंडात बोल्ट धरलेला होता.

बरं, मडगार्ड सुटला म्हणजे नंबर प्लेट सुटली असं नाही. प्लेट हाय सिक्युरिटीची. ती स्क्रूने नाही, स्नॅप लॉकने बसवतात, आणि ते लॉक एकदाच बसतं. काढायचं म्हणजे तोडायचं, मुद्दामच तसं केलेलं आहे, चोरांसाठी. गेल्या वर्षी रांगेत उभा राहून, साडेचारशे रुपये अधिक जीएसटी मोजून बसवलेली प्लेट मी स्वतःच्या हाताने चोरासारखी तोडून काढली. किट विकणाऱ्याने यावर एक ओळ लिहिली असती तर? नाही. खोक्यावर बिकिनीतली बाई छापायला जागा आहे, याला नाही.

दुसरा रविवार. नवीन ब्रॅकेट गाडीला टेकवलं. एक भोक बसलं. दुसऱ्या भोकातून बोल्ट पाहतोय, तर समोर आटे नाहीत, प्लास्टिक दिसतंय. वाकवून पाहिलं, ढकलून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या.

तेवढ्यात पप्पा खाली आले. पप्पा मायकोतून रिटायर झालेत. कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला, पण नाशकात सर्कलपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मायकोच. हयात डिझेल इंजेक्टरच्या नोझलवर गेली, जिथे मापं मायक्रॉनमध्ये बोलतात. ते काही न बोलता परत वर गेले आणि कपाटातून व्हर्निअर घेऊन आले. लाल मखमलीच्या डबीतला, ज्याला हात लावल्यावर मी सातवीत असताना मार खाल्लाय तो. चष्मा कपाळावरून खाली, ब्रॅकेट उजेडाकडे. "दोन भोकांमधलं अंतर ६२.५." मग गाडीखाली वाकून, गुडघा टेकून, "६५." व्हर्निअर पुसला, डबीत ठेवला.

"अडीच मिलिमीटरची चूक आहे रे. म्हणजे अडीच हजार मायक्रॉन. आमच्याकडे हा माल आला असता तर ट्रकसकट परत गेला असता."

आणि खोक्यावर लिहिलंय काय, तर 'शंभर टक्के फिट'.

पप्पांनी मग आणखी एक गोष्ट दाखवली, जी मी पाहिलीच नव्हती. खोक्यातल्या बोल्टच्या डोक्यावर काहीच कोरलेलं नाही. बऱ्या बोल्टवर ८.८ किंवा १२.९ असा ग्रेड असतो, किती ताण सोसेल त्याचा. हे बोल्ट गुळगुळीत, बेवारस. एकाने तर साध्या हाताच्या जोरावर मान टाकली, आणि एम६ च्या, म्हणजे सहा मिलिमीटरच्या, बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपासच पीळ देतात. पप्पांनी त्यांच्या जुन्या डब्यातले बोल्ट काढून दिले. त्या डब्याची आयुष्यभर टिंगल केली होती मी.

भोक कानशीने घासून लांबट केलं. म्हणजे 'नो ड्रिलिंग' हे खरंच निघालं म्हणा, ड्रिल नाही लागलं. घासल्यावर काळं पावडर कोटिंग उडालं आणि खाली साधं लोखंड चमकलं. जाहिरातीत ते 'एअरक्राफ्ट ग्रेड ॲल्युमिनियम' होतं. मी फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं. चिकटलं. हे कसलं विमान, देव जाणे.

आता वायरी. यामाहाचा रंगांचा नेम पक्का आहे, उजवा इंडिकेटर गडद हिरवा, डावा चॉकलेटी, अर्थिंगची वायर काळी. आंधळ्यालाही जमेल. किटच्या इंडिकेटरना दोन्हीकडे लाल आणि काळ्या वायरी, कनेक्टर वेगळ्याच मापाचे, आणि माहितीचा कागद म्हणजे चार बाणांचं पुसट चित्र. व्हिडिओवाला म्हणतो, 'कापा, पिळा, टेप मारा, झालं भावांनो.' झालं काय? नाशिकच्या उन्हात ती टेप पाघळून आठ दिवसांत सुटते. मी सोल्डर केलं, श्रिंक ट्यूब चढवली, दोन तास घालवले. बटण दाबलं.

टिकटिकटिकटिकटिक.

वेड लागल्यासारखा इंडिकेटर. नियमाने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा, माझा मोजताच येईना. यात इंडिकेटरचा दोष नाही आणि रिलेचा, म्हणजे त्याला लुकलुकवणाऱ्या डबीचा, तर अजिबात नाही. रिले बिचारा इमानदार. तो बघतो करंट किती जातोय. जुना बल्ब १० वॅटचा, नवा एलईडी जेमतेम एक-दोन वॅटचा. करंट कमी झाला की रिलेला वाटतं बल्ब उडाला, आणि तो घाईघाईने टिकटिक करून मालकाला सांगतो. याला हायपर फ्लॅश म्हणतात, आणि गाडीला एलईडी लावणाऱ्या निम्म्या पोरांना हा भेटतोच. तरी विकणारा गप्प.

व्हिडिओवाल्याचा उपाय, करंट वाढवायला रेझिस्टर लावा. लावला. दहा ओहमचा, बारा व्होल्टवर, म्हणजे पेटलेला असताना सव्वा अँपिअरच्या आसपास करंट आणि १४ वॅटची धग. थांबून विचार करा जरा. वीज वाचवणारा दिवा मी पैसे देऊन घेतला आणि वाचलेली वीज जाळायला त्याच्या शेजारी शेगडी बसवली. 'झिप टायने वायरिंगला बांधून टाका' हाही त्याचाच सल्ला. इंडिकेटर चालू ठेवून तपासत होतो तर प्लास्टिकचा वास यायला लागला. झिप टाय मऊ झालेला, शेजारच्या वायरीचं कव्हर चकाकायला लागलेलं. अजून जरा थांबलो असतो तर आख्ख्या सोसायटीला होळी मे महिन्यातच दिसली असती. शेवटी लोड न बघणारा इलेक्ट्रॉनिक रिले आणला. दोनशे-अडीचशेचा मामला, दहा मिनिटांचं काम. 'सोबत एलईडी रिले घ्या', एवढे चार शब्द खोक्यावर का नाहीत? का?

लिव्हरवर बोलायचं नव्हतं, पण बोलतो, कारण बाकी सगळं डोकेदुखीचं आहे आणि हे जिवाचं आहे. पुढच्या ब्रेकची नवी लिव्हर लावली आणि मागचा ब्रेक लाइट पेटला तो विझेचना, कारण लिव्हरचं जे टोक स्विचला दाबतं तेच आखूड. ठीक, असं म्हणू. पण लिव्हरला मोकळा खेळही नव्हता. हाताने न दाबताही ती मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेक ऑइल ढकलणारा, पिस्टन जरासा दाबूनच ठेवत होती. असं झालं की ऑइल परत जायची वाट उघडी राहत नाही. गाडी चालते, ऑइल तापतं, फुगतं, त्याला जायला जागा नाही, आणि ब्रेक आपोआप धरायला लागतो. पुढचा ब्रेक! हे तुम्हाला घाटातल्या वळणावर कळलं तर? मी पार्किंगमध्ये चाक उचलून फिरवलं म्हणून कळलं. अशी लिव्हर ७०० रुपयांना सोनेरी रंगात विकतात आणि पोरं रंगावर भाळून कॉलेज रोडला मिरवतात. मी जुन्या लिव्हर परत लावल्या. सोनेरी जोडी कपाटात आहे, मी ती कुणाला फुकटही देणार नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. व्हर्निअरसकट. उत्तर आलं, 'सर, फिटिंग ट्रेन्ड मेकॅनिककडूनच करून घ्यावी, अन्यथा वॉरंटी लागू नाही.' अरे, मग ते ३० मिनिटं कुणाची होती? आणि भोकं ट्रेन्ड मेकॅनिकला बघून सरकतात का? त्याच दिवशी खोक्याच्या तळाशी भिंगाने वाचावं असं एक वाक्य सापडलं, 'केवळ ऑफ-रोड वापरासाठी'. आर१५ ऑफ-रोड! कुठे नेऊ, द्राक्षबागेत? औताला जुंपू? या एका ओळीचा अर्थ असा की पोलिसाने पकडलं तर तुम्ही आणि तुमचं नशीब. मोटार वाहन कायद्यात मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलाला, ५,००० रुपयांचा भुर्दंड आहे आणि वर कैदेचीही तरतूद. विकणाऱ्याने हात झटकलेत. मुंबई नाक्याला शिट्टी वाजली की गाडी बाजूला मी घेणार.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी एकदाची बसली टेल टायडी. नंबर प्लेटला नवं लॉक मारून आणलं. दिसत होती, खोटं कशाला बोलू, झकास दिसत होती. मी चार बाजूंनी फोटो काढले. आईने गॅलरीतून पाहिलं आणि विचारलं, "आधी चालत नव्हती का गाडी?"

मग आला जुलै. सातपूरहून सुटलो, त्र्यंबक रोडला पावसाने गाठलं, रस्ते सिंहस्थाच्या नावाने खोदलेले, सगळीकडे लाल चिखलाचं पिठलं. मागचं चाक तो चिखल उचलतं आणि पूर्वी मडगार्ड तो थोपवायचा. आता मध्ये कुणीच नाही. घरी पोचलो तेव्हा कमरेपासून हेल्मेटपर्यंत पाठीवर एक सरळ लाल पट्टा, खारीसारखा. बॅगेतला डबासुद्धा लाल.

जिन्यातच ठरवलं, जुना मडगार्ड परत लावायचा. माळ्यावर शोधला, पलंगाखाली शोधला, नाही.

"आई, इथला मडगार्ड कुठंय?"

"ते काळं प्लास्टिक? रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिलं की. अठरा रुपये आले. तूच म्हणाला होतास ना, नको आहे म्हणून?"