रोज आठ तासांच्या रियाजाचा संदेश आणि दुखणारे मनगट

तबला शिकणाऱ्यांसाठी म्हणून सध्या एक संदेश फिरतो आहे. कोणतेही वाद्य 10,000 तासांत येते, तेव्हा रोज आठ तास बसा. मनगट दुखले तरी थांबू नका, कारण दुखणे म्हणजे हात तयार होणे. आधी वेग आणा, सफाई मागाहून येईल. आणि लय उपजतच असावी लागते, असे त्याचे सांगणे आहे. माझ्या 12 वर्षांच्या पुतण्याने तो घरच्या ग्रुपवर वाचला आणि मनगट दुखत असतानाही कोणाला न सांगता तो आठवडाभर वाजवत राहिला.

यातला सर्वांत घातक दावा दुखण्याचा आहे. नवशिक्याच्या बोटांची कातडी सुरुवातीला हुळहुळते आणि काही दिवसांत निबर होते, एवढेच त्यात खरे आहे. मनगटाच्या सांध्यातून कोपराकडे चढणारी कळ ही निराळी गोष्ट आहे. खांदा उचलून, हात आखडून, जोर लावून वाजवल्याने ती अनेकदा उद्भवते आणि तशातच वाजवत राहिल्यास दुखापत वाढते. अशा वेळी थांबावे, बैठक आणि हाताची ठेवण गुरुजींना दाखवावी, आणि मुंग्या येत असतील किंवा विश्रांतीनेही कळ जात नसेल तर डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांना ही कळ सोसायला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

10,000 हा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरील संशोधनातून आला. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची ती केवळ सरासरी होती, आणि त्या गटातील निम्म्या जणांनी तोवर ती गाठलीही नव्हती, हे पुढे एरिक्सन यांनीच स्पष्ट केले. हे विद्यार्थी रोज सुमारे साडेतीन तास, मध्ये विश्रांती घेत सराव करत आणि दुपारी झोपतही. अधिक सराव केलेलेच पुढे होते, हे मान्य करावे लागते. पण ते तास लहानपणापासून साठलेले होते, रोज आठ तासांच्या हिशेबाने साडेतीन वर्षांत कोंबलेले नव्हते. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याची, म्हणजे सलग कठोर रियाजाची, परंपराही खरी आहे, मात्र ज्याचा हात आधीच बसला आहे अशा शिष्याने तो गुरूच्या देखरेखीखाली करायचा असतो.

वेगाबद्दल फार लिहायला नको. ‘तिट’ या तबल्याच्या बोलातला ‘ट’ दबत असेल तर तो संथ लयीतच ऐकू येतो. द्रुत लयीत तो झाकला जातो आणि हाताला तीच चूक वळण म्हणून लागते.

लय उपजत असते म्हणणाऱ्याने हातावर टाळी-खाली (तालाच्या ठरावीक मात्रांवर टाळी, आणि खालीच्या मात्रेवर टाळीऐवजी हात उघडणे) देत कधी पढंत (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणे) केली नसावी. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत तीनतालाचे एक आवर्तन, म्हणजे 16 मात्रांचा एक पूर्ण फेरा, 16 सेकंदांचे होते. तेवढ्यात नववी मात्रा खालीची आहे हे न मोजता जाणवू लागते, ते रोजच्या पढंतीने. लहरा (आवर्तनाइतकीच, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावून वाजवल्यास आवर्तनात आपण कुठे आहोत हेही कळते. सतत लहऱ्यावर विसंबू नये हे ठीक. म्हणून पुतण्या अधूनमधून लहऱ्याचा आवाज बंद करून चार आवर्तने वाजवतो आणि आवाज पुन्हा सुरू करून आपली सम (आवर्तनाची पहिली मात्रा) जुळते का ते पाहतो. आता तो सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस मिनिटे बसतो, आणि त्यातली पहिली दहा मिनिटे तबल्याला हातही लावत नाही, नुसती पढंत करतो.