ठोकळ्यांना माप नसतं? ‘खेकडा’ इंजिनावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जुना ब्रॉडगेजवाला’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आभार मानून विषय संपवता आला असता, पण तुम्ही मुद्द्यांवर बोट ठेवून लिहिलंय, तर उत्तरही तसंच द्यायला हवं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनाची, म्हणजे घाटातल्या लोकांच्या ‘खेकड्या’ची, प्रतिकृती मी लेगोच्या ठोकळ्यांत बांधतोय. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ठोकळ्यांना माप नसतं, त्यामुळे हे खेळणं झालं, मॉडेल नव्हे; खरं मॉडेल पितळेत किंवा एचओ स्केलमध्येच (खऱ्याच्या १:८७ मापात) होतं. लेगोवाल्यांच्या ऑनलाइन गटांमध्ये आमचं ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ चालतं, चूक कुणी दाखवत नाही. आणि एवढ्या महाग प्लास्टिकवर पैसे घालवणं सामान्य माणसाचं काम नाही.

मापापासून सुरुवात करतो, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे.

लेगोच्या दोन रुळांमध्ये आतून ३७.५ मिमी अंतर असतं. युरोपातल्या १४३५ मिमीच्या गेजला या आकड्याने भागलं की साधारण १:३८ येतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ३७.५ ने भागलं की ४४.७ येतात. म्हणजे भारतीय गाडी १:४५ ला बांधली की तिच्याखालचा रूळ योग्य मापाचा येतो, काहीही खटपट न करता. आता एचओ घ्या. एचओ म्हणजे १:८७ आणि रूळ १६.५ मिमी. हे गणित १४३५ मिमीच्या गेजसाठी बसवलेलं आहे. ब्रॉडगेजला १:८७ मध्ये १९.३ मिमीचा रूळ लागतो. त्यामुळे एचओमधलं भारतीय इंजिन कितीही सुबक असलं तरी बाजारात मिळणाऱ्या रुळांवर ते जवळपास पावणेतीन मिलिमीटर अरुंद गेजवर उभं असतं. समोरून बघितलं की चाकं आत गेल्यासारखी दिसतात. ब्रॉडगेजच्या इंजिनाचा जो रुंद, पाय रोवून उभं राहण्याचा रुबाब आहे, नेमका तोच जातो. एचओवाल्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. हाताने पितळ कापून कडेच्या जाळ्या करणाऱ्यांची मॉडेल्स मी तासन् तास बघत बसतो. पण ‘माप फक्त एचओत’ हे विधान भारतीय गाडीच्या बाबतीत टिकत नाही, आणि तुम्ही तर स्वतःला ब्रॉडगेजवाला म्हणवता, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

पुढे जाऊ. लेगोचा एक स्टड, म्हणजे ठोकळ्यावरच्या एका खुंटीची जागा, ८ मिमीचा. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या डबे बनवणाऱ्या कारखान्याचा, प्रवासी डबा ३२४५ मिमी रुंद असतो, तो १:४५ ला सुमारे ७२ मिमी होतो, म्हणजे नऊ स्टड. लांबी सुमारे २१.३ मीटर, म्हणजे साठ स्टडला जरासा कमी. किती छान जमतं बघा. मात्र नऊ हा विषम आकडा आहे. बोगीची (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीची) पट्टी, कपलिंग, रूळ सगळं सम आकड्यावर बेतलेलं, त्यामुळे डब्याचा मध्य आणि रुळाचा मध्य अर्धा स्टड चुकतो. तो अर्धा स्टड भरून काढायला मधोमध एकच खुंटी असलेल्या प्लेटा वापरतात, त्यांना आम्ही जंपर म्हणतो. बाहेरून नऊ स्टडचा डबा साधासुधा दिसतो, पण त्याच्या तळाशी जंपरची एक अख्खी ओळ लपलेली असते.

वळणांबाबत तुम्ही जे लिहिलंय ते खरं आहे. लेगो कंपनीचं वळण एकाच त्रिज्येचं, चाळीस स्टडचं, म्हणजे ३२० मिमी. १:४५ च्या हिशेबाने प्रत्यक्षात ते सुमारे १४.४ मीटरचं वळण झालं. आपल्या ब्रॉडगेजवर दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं वळण हीच मर्यादा असते. पूर्ण लांबीचा आयसीएफ डबा त्या ३२० मिमीच्या वळणावर घातला तर दोन बोग्यांच्या मधला भाग रुळाच्या मध्यापासून सुमारे ४५ मिमी आत सरकतो. डब्याची अर्धी रुंदी ३६ मिमी. म्हणजे डब्याचं पोट रुळाच्या मध्याला अजिबात शिवत नाही, पूर्ण आतल्या बाजूला लटकतं. हे विद्रूप दिसतंच. म्हणून कुणी डबे आखूड करतात, कुणी बाहेरच्या छोट्या उत्पादकांचे मोठ्या त्रिज्येचे रूळ घेतात. १०४ स्टडच्या वळणावर तोच सरक १७ मिमीपेक्षा कमी होतो. पण १७५ मीटरचं वळण मापात काढायचं तर १:४५ ला पावणेचार-चार मीटर त्रिज्या लागते आणि एचओत दोन मीटर. तेवढी जागा दोघांच्याही घरात नसते. एचओमध्येही १:१०० लांबीचे डबे सर्रास विकले जातातच की. वळणावर सगळेच तडजोड करतात. त्यात ठोकळ्यांचा वेगळा गुन्हा नाही.

आणि मी खेकडाच का निवडला, तेही इथेच येतं. खंडाळ्याचा घाट १:३७ चा चढ आणि त्यात वळणं. कल्याण-पुणे मार्गावर वीज आली तेव्हा मालगाड्यांसाठी जोर लावणारं आणि वळणावर अंग मुरडणारं इंजिन हवं होतं. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डच्या घाटात ‘क्रोकोडाइल’ इंजिनं आधीच धावत होती. त्याच धाटणीची ४१ इंजिनं १९२८ पासून जीआयपीसाठी बनली. पहिली दहा विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. मध्ये केबिन, दोन्हीकडे बुटकी लांब नाकं, आणि प्रत्येक नाकाखाली तीन-तीन जोडलेली चाकं. लेगोने २०२० साली स्विस क्रोकोडाइलचा १२७१ तुकड्यांचा संच काढला, तो बघताना मला आपला कर्जतचा खेकडा आठवला. ती आठवण इतकी जोरात आली की दुसऱ्या दिवशी मी आराखडा काढायला बसलो. जे अंग घाटासाठी मुरडतं तेच लेगोच्या अवघड वळणावरही मुरडतं. साठ स्टडचा सलग डबा जिथे अडतो तिथून खेकडा सहज जातो. मापात राहून लेगोच्या मूळ रुळांवर चालू शकेल असं भारतीय इंजिन शोधायचं तर याच्याइतकं योग्य दुसरं मला माहीत नाही.

आता चाकांबद्दल, कारण तुम्ही ‘हलणारे भाग खोटे’ असं लिहिलंय. खेकड्याची चाकं बाहेरून दांड्यांनी जोडलेली आहेत. अशा इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असावे लागतात, नाहीतर दोन्ही बाजू एकाच वेळी मृतबिंदूवर, म्हणजे दांडी चाकाला फिरवू शकत नाही अशा जागी, येतात आणि चाक अडतं. पितळी मॉडेल करणाऱ्याला हे ९० अंश साधायला वेगळा साचा वापरावा लागतो. एक चाक दोन अंश चुकलं तरी इंजिन लंगडतं. लेगोचा एक्सल अधिकचिन्हासारख्या आकाराचा असतो. त्यावर चाक चारच प्रकारे बसतं आणि त्या चारांत अंतर असतं नेमकं ९० अंशांचं. एका बाजूचं चाक पाव फेरी फिरवून बसवलं की काम झालं, आणि ते पुन्हा ढळत नाही. तीन चाकांपैकी मधल्याला कड ठेवायची नाही, म्हणजे वळणावर आणि सांध्यावर ते आडवं सरकू शकतं. दांड्या हलतात, खऱ्या इंजिनासारख्या हलतात. मॉडेल तुमच्या समोर असतं तर मी फक्त हाताने ढकलून दाखवलं असतं, बोलायची गरज पडली नसती.

दुसरा आक्षेप, गटांमधल्या कौतुकाचा. फोटो टाकला की ‘वा’, ‘कमाल’ असे शेरे पडतात, हे नाकारत नाही. पण कौतुकाखाली काय चाललेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. गेल्या वर्षी नागपूरच्या एका कॉलेजातल्या मुलाने डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल टाकलं. रंग, जाळ्या, हॉर्न सगळं देखणं. शंभरेक शेरे कौतुकाचे आले आणि त्यात एक प्रश्न आला: बोगीतली तीन चाकं समान अंतरावर का? अल्को या अमेरिकन कंपनीच्या त्या बोगीत मोटरींच्या मांडणीमुळे मधला एक्सल एका बाजूला सरकलेला असतो. पुढचे काही दिवस त्या धाग्यावर नुसता काथ्याकूट चालला होता. कुणी खऱ्या बोगीचे बाजूने काढलेले फोटो दिले, कुणी अर्ध्या स्टडने एक्सल सरकवायची युक्ती रेखाटून पाठवली, आणि आयआरएफसीए या १९८९ पासूनच्या भारतीय रेल्वेप्रेमींच्या संग्रहातून तपशील निघाले. त्या मुलाने बोगी पुन्हा बांधली. दुसऱ्या फोटोवर पहिल्याच्या निम्मेही शेरे नव्हते, पण इंजिन मात्र डब्ल्यूडीएम-२ झालं होतं. याला मी पाठ थोपटणं म्हणणार नाही.

आणि मुळात हा छंद आज ज्या साधनांवर उभा आहे ती बहुतेक हौशी लोकांनीच केलेली आहेत. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये एलड्रॉ नावाची पद्धत तयार केली, जिच्यामुळे लेगोचा प्रत्येक तुकडा संगणकावर मांडता येऊ लागला. १९९७ मध्ये तो गेला, अगदी तरुण वयात. त्यानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी ते काम चालू ठेवलं. एकेक तुकडा मोजून, रेखाटून, एकमेकांचं तपासून. तीच तुकड्यांची भांडारं आज आपण फुकट वापरतो. वाफेच्या इंजिनाला लागणारी मोठी चाकं लेगोने २००९ साली आणली, पण त्याआधीच बिग बेन ब्रिक्स या अमेरिकेतल्या छोट्या उद्योगाने हौशी लोकांसाठी ती साच्यातून काढायला सुरुवात केली होती. मोठ्या त्रिज्येच्या रुळांची कथाही तशीच. कंपनीने दिलं नाही ते छंद करणाऱ्यांनी एकमेकांना दिलं. यातल्या एकाही माणसाला मी भेटलेलो नाही, तरी माझ्या टेबलावरच्या इंजिनात त्यांचं काम आहे, आणि मला त्याची जाणीव रोज असते.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खुपते, आणि तुम्ही तिकडे बोट दाखवलं असतंत तर मी लगेच हो म्हटलं असतं. कुणी महिनोन्महिने खपून एखादं इंजिन रचतं, आराखडा खुला ठेवतं, आणि कुठला तरी विक्रेता तोच आराखडा तुकड्यांसकट डब्यात भरून विकतो. ना विचारणं, ना नाव. ही चोरी आहे. दुसऱ्या कंपनीचे ठोकळे वापरण्याला माझा विरोध नाही. मूळ ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, ते केव्हाच संपलं, आणि ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवता येणार नाही असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तुकडा घट्ट बसत असेल तर खुशाल वापरा. दुसऱ्याचं डोकं मात्र फुकट वापरू नका.

पैशाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. बाहेरून सुटे तुकडे मागवणं त्यामुळे अनेकांनी बंदच केलं. कॉलेजातल्या मुलांना तर हे झेपतच नाही. पण त्यातले बरेचजण फक्त संगणकावर बांधतात. सॉफ्टवेअर फुकट, तुकडे अमर्याद, आणि वर ज्या मापांबद्दल मी लिहिलं ती सगळी तिथेही तितकीच कडक. एखाद्याने स्क्रीनवर डेक्कन क्वीनचा डबा नऊ स्टडमध्ये नीट बसवला तर तो माझ्या लेखी मॉडेलरच. कुणाला सुरुवात करायची असेल तर मी हाच रस्ता सांगतो.

शेवटचं, आणि हे उत्तर लिहिण्याचं निम्मं कारण हेच आहे. तुमच्या प्रतिक्रियेत तुम्ही ओझरतं लिहून गेलात की वडील कर्जतला नोकरीला होते आणि घरात बँकर इंजिनांचे (घाटात गाडीला मागून जोर देणाऱ्या इंजिनांचे) जुने फोटो आहेत. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ हा खेकडा जपलेला आहे, त्याचे बाजूचे आणि समोरचे फोटो भरपूर मिळतात. छताचे मिळत नाहीत, कारण सगळे खालून काढलेले. माझं काम सध्या तिथेच अडलंय: पँटोग्राफच्या (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्यांच्या) मधली तारांची आणि इन्सुलेटरची मांडणी, आणि केबिनच्या छताची कड नाकापाशी कशी उतरते ते. वडिलांच्या फोटोंमध्ये पादचारी पुलावरून किंवा एखाद्या उंच जागेवरून काढलेला एखादा असेल, तर मोबाइलवर टिपून पाठवाल का? धूसर असला तरी चालेल. आणि वडिलांना विचारता आलं तर आणखी एक: गाडी थांबलेली असताना खेकडा कण्हल्यासारखा आवाज करायचा असं जुने लोक सांगतात, तो नेमका कुठून यायचा?