एकवीस नंबरची गाडी

परवा शार्लटमध्येच एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. टीव्हीवर २०११ ची डेटोना ५०० चालू होती, जुनी. नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतींची, सगळ्यात मोठी रेस. त्या वर्षी ती ट्रेव्हर बेनने जिंकली होती. मित्र म्हणाला, "हा ट्रेव्हर बेन ना? पार्टटाइम ड्रायव्हर रे. लॉटरी लागली त्याला." मी पानावर बसलो होतो, वाद घालायला नको म्हणून गप्प राहिलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

पार्टटाइम म्हटलं की आपल्याला वाटतं हौशी असेल, जेमतेम असेल. नॅस्कारमध्ये तसं नसतं. कप ही नॅस्कारची सर्वात वरची मालिका, तिच्यात वर्षाला ३६ रेस. प्रत्येक रेसला गाडी, इंजिन, टायरचे संच, मेकॅनिक, सगळा लवाजमा घेऊन कुठल्या कुठल्या राज्यात जायचं. हा खर्च बॉनेटवर ज्याचं नाव रंगवलेलं असतं तो प्रायोजक करतो. त्याने निम्म्याच रेसचे पैसे दिले तर गाडी निम्म्याच रेसला उतरते. ड्रायव्हरच्या हातात किती कसब आहे हे तिथे कुणी विचारत नाही.

वूड ब्रदर्स या बेनच्या संघाचं २०११ साली नेमकं हेच झालं होतं. व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट नावाच्या छोट्या गावातलं हे घराणं १९५० पासून रेसिंगमध्ये आहे. २००१ नंतर मात्र त्यांना एकही विजय मिळाला नव्हता आणि त्या वर्षी १७ रेसचीच तयारी होती. एकवीस नंबरच्या गाडीत बसवलं टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या एका पोराला, म्हणजे बेनला. कप मालिकेतली त्याची ही दुसरीच रेस.

आता लॉटरीचं बघू. त्या वर्षी डेटोनाला दोन-दोन गाड्या बंपरला बंपर चिकटवून पळवल्या की एकट्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेग मिळायचा. मागच्या ड्रायव्हरला पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. समोर फक्त दुसऱ्या गाडीची पाठ. हवा मिळत नाही म्हणून इंजिन तापत जातं, मग मधेच जागा बदलायची, तीही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. जरा तिरका धक्का लागला की पुढची गाडी भिंतीवर. असं ढकलणं ज्याला जमतं त्याच्याशीच बाकीचे जोडी करतात. त्याच आठवड्यात पात्रता रेसमध्ये बेनने जेफ गॉर्डनला ढकलत नेलं होतं. गॉर्डन कप मालिकेचा चार वेळचा विजेता, तो कुणालाही पाठीशी घेत नाही! त्या रेसच्या शेवटी गाडी ठोकली गेली, वूड मंडळींनी ती दुरुस्त करून रविवारी उभी केली.

शेवटी रिस्टार्टला, म्हणजे अपघातानंतर रेस परत सुरू होताना, डेव्हिड रेगन पुढे होता. रेषा ओलांडायच्या आधीच त्याने लेन बदलली म्हणून काळा झेंडा, म्हणजे दंड, मिळाला आणि बेन पहिला आला. इतकंच नशीब, मान्य. पण त्यानंतर परत रिस्टार्ट झाला, मागे कार्ल एडवर्ड्ससारखे मुरलेले लोक, आणि हा पोरगा शेवटच्या, २०८ व्या फेरीपर्यंत कुणाला पुढे जाऊ देत नाही. वय २० वर्षं १ दिवस. या रेसचा आधीचा सर्वात तरुण विजेता गॉर्डन होता, २५ वर्षांचा. बेन आणि वूड मंडळींच्या आनंदाचं दृश्य लागलं की माझा अजून गळा दाटतो.

आणि कप मालिकेच्या विजेतेपदासाठी या विजयाचे गुण किती मिळाले? शून्य. त्या वर्षीपासून ड्रायव्हरला एकाच मालिकेच्या विजेतेपदासाठी नाव द्यायचं होतं, आणि त्याने दुसऱ्या फळीची नेशनवाइड मालिका निवडली होती.

मित्राला खरं तर वूड ब्रदर्सचाच जुना ड्रायव्हर डेव्हिड पिअर्सन सांगायला हवा होता. बेनच्या गाडीचा लाल-पांढरा रंग त्याच्याच १९७६ च्या विजयी गाडीवरून घेतलेला. वूड ब्रदर्स तेव्हाही सगळ्या रेस धावत नसत, मोठ्या आणि जास्त बक्षिसाच्या तेवढ्या निवडत. १९७३ साली २८ पैकी १८ रेस पिअर्सन धावला आणि ११ जिंकला. अठरातल्या अकरा! त्या वर्षीचा मालिकेचा विजेता बेनी पार्सन्स, तो सगळ्या २८ धावला आणि एक जिंकला. पार्सन्सचं सातत्य मोठंच, त्याबद्दल वाद नाही. पण पिअर्सनला कुणी पार्टटाइम म्हणून बाजूला सारून दाखवावं.

बेनला नंतर सगळं सरळ मिळालं नाही. २०११ मध्येच डोळ्यांना एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, रेस सोडून इस्पितळात जावं लागलं. २०१३ मध्ये निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार. तरी २०१५ पासून तो कपमध्ये पूर्णवेळ धावला. विजय पुन्हा आला नाही. २०१८ मध्ये गाडीत त्याच्या जागी मॅट केन्सेथला आणलं, रेस वाटून दिल्या, आणि पुढच्या वर्षी बेनच्या हातात गाडीच उरली नाही. त्याने नॉक्सव्हिलला कॉफीचा व्यवसाय काढला. २०२२ मध्ये दुसऱ्या फळीत परत आला, पुन्हा मोजक्याच रेससाठी. लॉटरी लागलेला माणूस इतक्या वर्षांनी, असा आजार अंगावर घेऊन परत कशाला येईल?

मित्रा, हे वाचलंस तर रागावू नकोस. वहिनींच्या हातची भरली वांगी अजून जिभेवर आहेत. स्टुअर्टला वूड ब्रदर्सचं म्युझियम आहे, शार्लटहून साधारण दोन तास. येत्या शनिवारी जाऊ. सकाळी लवकर निघू, गाडी मी काढतो.